बाळाचे पहिले अठ्ठावीस दिवस

मंडळी, मिरचीचं रोप वाफ्यातून काढून शेतात लावलं, की पहिले काही दिवस आपण त्याला किती जपतो! एकदा त्यानं मूळ धरलं, की जीव खाली पडतो. बाळाचंही तसंच आहे. जन्मानंतरचे पहिले अठ्ठावीस दिवस हा त्याचा मूळ धरण्याचा काळ. आपल्या देशात पाच वर्षांच्या आत जी मुलं दगावतात, त्यांतली निम्म्याहून अधिक या एवढ्याशा दिवसांतच जातात.

‘नशिबात नव्हतं’ असं म्हणून आपण डोळे पुसतो. पण हे नशीब पालटता येतं का? याचं उत्तर गडचिरोली जिल्ह्यानं दिलेलं आहे.

हा जंगलाचा मुलूख. पावसाळ्यात नदीनाल्यांना पूर आला, की कित्येक गावांची वाट बंद. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी तिथं ‘सर्च’ ही संस्था काढली. १९८८ साली मोजदाद केली, तेव्हा जन्मलेल्या हजार बाळांपैकी १२१ बाळं वर्षाच्या आतच जात होती. कुणाला जंतूंची बाधा, कुणी अपुऱ्या दिवसांचं, कुणी जन्मताच न रडलेलं.

दवाखाना दूर, तर दवाखान्याचं काम घरापर्यंत का नेऊ नये? १९९५ पासून ३९ गावांत गावातल्याच बायकांना शिकवून तयार केलं. या आरोग्यदूत. बाळाला तोलायचं, अंगाचा ताप मोजायचा, श्वास मोजायचे, न रडणाऱ्या बाळाला पिशवीनं श्वास द्यायचा, गरज पडली तर इंजेक्शनही द्यायचं, हे सारं त्या शिकल्या. पूर्वी तिथं हजारी सुमारे ६२ बाळं पहिल्या महिन्यातच जात. तीन वर्षांत तो आकडा २५ च्या आसपास आला. शेजारच्या ४७ गावांत हे काम नव्हतं, तिथं आकडा जवळजवळ होता तिथंच राहिला. म्हणजे फरक पडला तो या बायकांच्या कामानं. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ही हकीकत छापून आली आणि २०११ मध्ये सरकारनं हीच पद्धत देशभर आशाताईंच्या हाती दिली.

म्हणून आशाताई दारी आली, की तिला ओट्यावरून परत पाठवू नका. दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठी ती ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी येते. घरी जन्मलं असेल तर पहिल्या दिवशीही.

आता घरातल्या आजीबाईंना दोन शब्द. आजी, तुमचा शब्द घरात चालतो, म्हणूनच सांगतो. पहिला पिवळसर चीक पिळून टाकू नका; रोगांशी झुंजण्याचं बळ त्यातच असतं. जन्मल्यावर तासाभरात बाळाला छातीशी लावा. मध, गुळाचं पाणी, घुटी काही नको. नाळेवर राख-हळद नको. पहिल्या दिवशी आंघोळही नको. का? तर एवढ्याशा अंगावर चरबी थोडी, ते लवकर गार पडतं. गार पडलं की ओढून पीत नाही, आणि पोटात दूध नाही की आणखी गार पडतं. बाळ अडीच किलोच्या आत असेल, तर त्याला आईच्या उघड्या छातीशी धरून वरून पांघरूण घाला. याहून चांगली ऊब कोणती?

बाळ पीत नाही, मलूल पडलंय, अंग गार किंवा तापलेलं आहे, छाती आत ओढली जाते, झटके येतात, तळहात-तळपाय पिवळे दिसतात, नाळेतून पू येतो, यांतलं एक जरी दिसलं तरी सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा. बाळाला गुंडाळून, छातीशी धरून, वाटेत पाजत न्या.

आणि गुरुजी, बाई, एक काम तुमच्याकडे. वर्गात मुलामुलींना घड्याळ लावून एकमेकांचे श्वास मोजायला शिकवा. मग त्यांना सांगा : तान्हं बाळ शांत असताना पूर्ण मिनिटभर मोजायचे, ६० किंवा त्याहून जास्त भरले तर पुन्हा मोजायचे, आणि तेवढेच भरले तर लगेच मोठ्यांना सांगायचं. सहावीतल्या एखाद्या ताईचं हे मोजणंच तिच्या धाकट्या भावाचा जीव वाचवील.