लाकडी फ्लोअरिंगचा धंदा करायचाय? आधी फट सोडायला शिका!



आपल्या हुपरीत फरशीवरच्या धुळीलाही किंमत आहे. चांदीकाम करताना खाली पडलेला कीस कोणी फेकत नाही. झाडलोट गोळा करून त्यातली चांदी परत काढतात. म्हणून पहिला नियम: चांदीकामाच्या खोलीत लाकडी फ्लोअरिंगची ऑर्डर आली तरी घेऊ नका. सांध्यात गेलेला कण हाती लागत नाही, आणि तिथं आगीचंही काम असतं. आपलं गिऱ्हाईक म्हणजे बेडरूम, ऑफिस, शोरूम.

आता माझी चूक सांगतो, म्हणजे तुमचे पैसे वाचतील.

माझं पहिलं काम होतं एका बेडरूमचं, लॅमिनेट फ्लोअरिंग, जून महिना. सकाळी बॉक्स आले, दुपारी काम सुरू केलं, संध्याकाळी फोटो काढून स्टेटसला टाकला. पट्ट्या भिंतीला गच्च चिकटवल्या होत्या. फट दिसली तर गिऱ्हाईक नावं ठेवेल, असं वाटलं होतं.

ऑगस्टमध्ये फोन आला. "अहो, खोलीच्या मधोमध जमीन फुगलीय. चाललं की टकटक वाजतंय."

मी गेलो. घरमालक काका चांदीतले जुने कारागीर. रागावले नाहीत, एवढंच म्हणाले, "पैंजणाच्या कड्या गच्च आवळल्या तर ते पायात वळंल का? थोडी ढील लागतीच की." बीबीएला मार्जिनवर अख्खा पेपर दिला होता, भिंतीलगतचं मार्जिन मात्र काकांनी शिकवलं. स्कर्टिंग काढलं, कडा कापल्या, लॉक तुटलेल्या पट्ट्या बदलल्या. दोन दिवसांची मजुरी खिशातून गेली आणि त्या कामाचा नफा शून्य झाला.

असं का झालं? लॅमिनेटचा गाभा लाकडाच्या दाबलेल्या तंतूंचा असतो. पावसाळ्यात तो हवेतली ओल घेतो आणि फुगतो. ही जमीन खिळ्यांनी ठोकलेली नसते, फोमवर मोकळी पसरलेली असते. बाजूला सरकायला जागा नसली की ती मधून वर उचलते.

त्यामुळे आता आमच्याकडं काम असं चालतं:

१. ओल तपासा. साधारण दोन फूट चौरस प्लास्टिक चारी बाजूंनी टेपनं जमिनीला चिकटवा आणि एक दिवस ठेवा. खाली पाणी सुटलं किंवा जागा काळपट दिसली तर काम थांबवा. तळमजल्यावर आणि नव्या कोब्यावर हे करायचंच.

२. बॉक्स त्याच खोलीत ४८ तास आडवे ठेवा. लाकडाला तिथली हवा लागू द्या.

३. जमीन सपाट आहे का बघा. दोन मीटरच्या पट्टीखाली ३ मि.मी.पेक्षा जास्त खड्डा दिसला तर आधी लेव्हल करून घ्या.

४. प्लास्टिक शीट, त्यावर फोम, मग पट्ट्या. शेजारच्या ओळींचे सांधे किमान एक फूट मागेपुढे ठेवा.

५. भिंत, चौकट, खांब, सगळीकडं साधारण १० मि.मी. फट सोडा. ती स्कर्टिंगखाली झाकली जाते. पण स्कर्टिंग भिंतीला ठोका, जमिनीला नाही.

६. फिक्स कपाट फ्लोअरिंगवर स्क्रूनं बसवू देऊ नका. तिथं जमीन अडकते आणि पुन्हा फुगते.

आता हिशोब. समजा खोली १२ बाय १४ फूट, म्हणजे १६८ चौरस फूट. कटिंगसाठी १० टक्के धरले की होतात १८५. एका बॉक्समध्ये १८ चौरस फूट माल असेल, तर ११ बॉक्स लागतात, म्हणजे १९८ चौरस फूट. अर्धा बॉक्स कोणी देत नाही! तुम्ही कोटेशन १६८ वर दिलं आणि माल ९० रुपये फुटानं घेतला, तर ३० फुटांचे २,७०० रुपये तुमच्या खिशातून गेले. स्कर्टिंग, दरवाज्याची पट्टी, फोम आणि वाहतूक वेगळी लिहा. उरलेल्या दोन-चार पट्ट्या गिऱ्हाइकाकडंच ठेवा, दुरुस्तीला उपयोगी पडतात.

शेवटची गोष्ट, घरातल्या बाईमाणसांशी नक्की बोला. आपल्याकडं फरशी बादलीभर पाण्यानं धुतात. इथं पिळून घेतलेलं फडकंच चालतं. हे बिलावर लिहून द्या आणि तोंडानंही सांगा. आधी सांगितली तर ती माहिती असते, फुगल्यावर सांगितली तर गिऱ्हाइकाला ती सबब वाटते.

आणि हो, पुढच्या पावसाळ्यात त्या काकांना मी स्वतःहून फोन केला. जमीन ठीक होती. त्यांनी हॉलचं काम दिलं.

आजचा गृहपाठ: स्वतःच्या घरातली एक खोली मोजा, बॉक्स काढा आणि पूर्ण कोटेशन लिहा. पहिली चूक कागदावर होऊ द्या, गिऱ्हाइकाच्या घरात नको.

भेटू पुढच्या व्हिडिओत!