पॅकेजच्या पलीकडचा खर्च

कोसलचा राजा प्रसेनजित भरपेट जेवून धापा टाकत तथागतांपुढे आला, तेव्हा त्यांनी त्याची थट्टा केली नाही. अन्नाची मात्रा ओळखायला सांगितले. राजा हळूहळू हलका झाला, असे संयुत्त निकायात आहे. पण बीएमआय ४० च्या पुढे गेलेल्या, मधुमेहाने पोखरलेल्या माणसाला नुसते ‘कमी खा’ म्हणणे हा उपचार नव्हे. शस्त्रक्रियेला आमचा विरोध नाही. आमचा आक्षेप पॅकेजच्या जाहिरातींवर आहे.

‘स्लीव्ह’मध्ये जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग कापून काढतात, तो पुन्हा जोडता येत नाही. ‘बायपास’मध्ये जठराची छोटी पिशवी करून ती लहान आतड्याला जोडतात. खासगी रुग्णालयात दोन्हींचा खर्च लाखांत. पण पुढे आयुष्यभर लागणाऱ्या बी-१२, लोह, कॅल्शियमच्या गोळ्या आणि रक्ततपासण्या त्या पॅकेजात कुठे असतात? पतपेढीचे कर्ज काढून ऑपरेशन करायचे आणि गोळ्या परवडत नाहीत म्हणून सोडायच्या, ही वेळ आपल्या माणसांवर येऊ नये.

विमा असेल तर पॉलिसी काढून वाचा. विमा नियामकाच्या २०१९ च्या प्रमाणित अटींनुसार वय १८ पूर्ण, डॉक्टरांचा सल्ला आणि बीएमआय ४०, किंवा इतर उपाय निष्फळ ठरल्यावर ३५ व सोबत अनियंत्रित मधुमेह, हृदयविकार वा झोपेत श्वास अडकण्याचा तीव्र विकार असेल, तर केवळ ‘वजन घटवण्याची शस्त्रक्रिया’ म्हणून दावा फेटाळता येत नाही. प्रतीक्षाकाळ मात्र तपासा. नकार आला तर तो लेखी मागा, कंपनीकडे तक्रार नोंदवा. महिनाभरात दाद लागली नाही, तर विमा लोकपालाकडे जा. तिथे फी लागत नाही.