तसबिरीचे वय

आमच्या देवघरातील लक्ष्मीची तसबीर पणजीने १८९७ साली, लग्न होऊन बडोद्यास येताना, माहेराहून आणली असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. मध्यंतरी काच तडकली म्हणून चौकट उघडली. चित्राच्या तळाशी, चौकटीच्या पट्टीआड, एक बारीक इंग्रजी ओळ दडलेली होती : ‘रविवर्मा प्रेस, मळवली’. त्या ओळीने आमच्या घरच्या कथेस धक्का दिला.

राजा रविवर्मा यांनी छापखाना काढला तो १८९४ साली, मुंबईत. पुढे तेथे प्लेग आला आणि १८९९च्या सुमारास छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. म्हणजे मळवलीचे नाव असलेले चित्र १८९७ सालच्या नवरीच्या पेटीत असणे शक्यच नाही.

चित्रावरील सही पाहून काळ ठरविण्याचा मोह अनेकांस होतो, आम्हांसही झाला. पण सही मूळ तैलचित्रावरची. ती चित्राबरोबर छापली जाते. सयाजीराव महाराजांनी १८८८ साली रविवर्म्यांकडे चौदा पौराणिक चित्रे सोपविली, ती मूळ चित्रे आजही बडोद्यास आहेत. मूळ चित्राचे साल निराळे आणि छापील प्रतीचे निराळे. शिवाय विसाव्या शतकाच्या आरंभी छापखाना फ्रिट्झ श्लायखर या जर्मन तंत्रज्ञाकडे गेला, तरी नाव तेच राहिले. रविवर्मा १९०६ साली निवर्तले; त्यांच्या चित्रांच्या प्रती त्यानंतरही निघतच होत्या. तेव्हा सहीवर न जाता पत्ता वाचावा. दुर्दैवाने चौकटवाले माप बसविण्यासाठी नेमकी तीच कड कापतात!

कड गेली असेल तर भिंग घ्यावे. दगडावरून छापलेल्या चित्रात रंगाचे कण वेडेवाकडे, हाताने टिपलेले दिसतात. अलीकडच्या नकलेत ठिपक्यांच्या सरळ रांगा दिसतात. पाठीमागे जुने वर्तमानपत्र चिकटविलेले असल्यास तारीख जरूर पाहावी. मात्र ती चित्र जडविल्याचा काळ सांगते, छापल्याचा नव्हे.

हे सारे थोरल्या आत्याबाईंना सांगावे की नाही, यावर घरात दोन दिवस खल झाला. अखेर सांगितले. त्या रागावल्या नाहीत. “अरे, सत्तावीस सालच्या पुरात वाड्यात पाणी शिरलं होतं. देव तेवढे माडीवर नेले, तसबिरी भिजल्या, असं आई सांगायची,” एवढेच म्हणाल्या.

आम्ही चौकट पुन्हा उलटून पाहिली. सागवानी लाकडात खिळ्यांची छिद्रे दुहेरी आहेत. चौकट पणजीची असेल. आतली लक्ष्मी मागाहून आलेली.

नवी काच बसविताना पट्टी बोटभर खाली घ्यावयास सांगितली. ती ओळ आता उघडी आहे.