ग्लासावरचा पांढरा थर : लिंबू पुरते, ॲसिड नको

बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्यावर चालणाऱ्या घरात काचेचे जुने ग्लास, बरण्या, बाटल्या हळूहळू धुरकट दिसू लागतात. साबणाने कितीही घासा, वाळले की पुन्हा पांढरे. अशा वेळी काही जण संडास धुण्याचे ॲसिड ग्लासात ओततात. ते जिवावर बेतू शकते, आणि त्याची गरजही नसते.

हा थर कशाचा?
जमिनीतल्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. अशा जड पाण्यात साबणाला फेस कमी येतो, डाळ शिजायला वेळ लागतो. पाणी वाळून जाते, क्षार काचेवर राहतात. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याचा जडपणा लिटरमागे 200 मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरे पाणीच नसेल तर 600 पर्यंत चालतो. हा थर विषारी नाही. मात्र खरबरीत थरात दूध-चहाचा अंश आणि मळ अडकतो, म्हणून तो काढलेला बरा.

कसा काढावा?
क्षार आंबट पदार्थात विरघळतात. एक लिटर कोमट पाण्यात दोन चमचे लिंबूसत्व (सायट्रिक ॲसिड) घाला. ते किराणा दुकानात मिळते. ग्लास त्यात अर्धा तास बुडवून ठेवा, मऊ फडक्याने पुसा, साध्या पाण्याने दोनदा विसळा. साधे पांढरे व्हिनेगर किंवा लिंबाचा रसही चालतो. थर जुना असेल तर हेच दोन-तीनदा करा. अरुंद तोंडाच्या बाटलीत व्हिनेगरबरोबर मूठभर तांदूळ टाकून हलवा. हे तांदूळ नंतर फेकून द्या. तारेची घासणी वापरू नका, काचेवर ओरखडे पडतात. थंड काचेत उकळते पाणी ओतू नका, ती तडकते.

एवढे करूनही ग्लास धुरकटच राहिला, तर काचच झिजली आहे असे समजा. त्यावर उपाय नाही, पण असा ग्लास वापरायला हरकत नाही. काठ उडालेला, तडा गेलेला किंवा आतला रंग सुटणारा ग्लास मात्र टाकून द्या.

ॲसिडचा धोका
संडासाच्या ॲसिडने कातडी आणि डोळे भाजतात. ते ब्लीचिंग पावडरमध्ये मिसळले तर विषारी क्लोरीन वायू निघतो. लहानशा बंद खोलीत तो फार घातक. कोल्ड्रिंकच्या बाटलीत ॲसिड कधीच भरून ठेवू नका, मुले पाणी समजून पितात. कोणी प्यायले तर उलटी करवू नका. तोंड धुवा, बाटली सोबत घ्या आणि लगेच दवाखाना गाठा. डोळ्यात उडाले तर किमान पंधरा मिनिटे डोळा वाहत्या पाण्याने धुवा आणि मग डॉक्टरांना दाखवा.

शेवटी एक लक्षात ठेवा. ग्लास चकचकीत झाला म्हणजे पाणी शुद्ध झाले असे नाही. जंतू डोळ्यांना दिसत नाहीत आणि लिंबाने मरतील याचा भरवसा नाही. पिण्याचे पाणी उकळूनच घ्या. उकळल्यावर भांड्याच्या तळाशी पांढरी खरपुडी बसली तर घाबरू नका, तीही याच लिंबूसत्वाने निघते.