अ‍ॅसिटोनमधले हायड्रोजन

जून 2020 मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत त्यामागे हॅलोआर्किया (खारट पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव) असल्याचे आढळले. अशा सूक्ष्मजीवांच्या पेशींतले रंगद्रव्य वेगळे करण्यासाठी प्रयोगशाळेत अनेकदा अ‍ॅसिटोन वापरतात. नेलपॉलिश काढण्याचा द्रव म्हणून तो घरोघरी परिचित आहे.

अ‍ॅसिटोन हा ध्रुवीय (रेणूची एक बाजू किंचित ऋण, दुसरी किंचित धन भाराची) आणि अप्रोटिक द्रावक आहे. ‘अप्रोटिक म्हणजे ज्यात हायड्रोजनच नाही’ असा समज सर्रास आढळतो. तो बरोबर नाही. अ‍ॅसिटोनच्या एका रेणूत 6 हायड्रोजन अणू असतात. पण ते सगळे कार्बनला जोडलेले असतात. पाण्यातले हायड्रोजन ऑक्सिजनला जोडलेले असल्यामुळे शेजारच्या रेणूशी हायड्रोजन बंध (रेणूंमधली सौम्य ओढ) जोडू शकतात. अ‍ॅसिटोनमधले तसे करू शकत नाहीत; अप्रोटिकचा अर्थ एवढाच. गोठ्यात बैल आहेत, पण शेजाऱ्याच्या औताला मिळत नाहीत, तसेच हे.

अ‍ॅसिटोनमधला ऑक्सिजन मात्र पाण्याच्या हायड्रोजनशी बंध जोडतो. म्हणून अ‍ॅसिटोन पाण्यात पूर्ण मिसळतो. शिवाय तो पाण्यात न विरघळणारी अनेक रंगद्रव्ये व रेझिनेही विरघळवतो.

पाण्यात मिसळतो म्हणून तो पाण्यासारखा निर्धोक मात्र नाही. तो सुमारे 56 अंश सेल्सिअसला उकळतो आणि त्याची वाफ लगेच पेट घेते. बाटली घट्ट बंद करून चुलीपासून आणि देवघरातल्या दिव्यापासून दूरच ठेवावी.