पहिला वाचक दहा वर्षांचा

मुलाच्या हातातील अद्भुत कथेचे पुस्तक आपण काढून घेतो. त्याचे मत विचारीत नाही. लंडनचे प्रकाशक स्टॅन्ले अन्विन विचारीत असत. मुलांच्या पुस्तकाची पारख मुलांनीच करावी, असे ते मानीत. 1936 साली टॉल्किन यांच्या 'द हॉबिट'चे हस्तलिखित त्यांनी आपल्या 10 वर्षांच्या मुलाला, रेनरला, वाचावयास दिले. लेखी अभिप्रायाचा मेहनताना एक शिलिंग. रेनरने लिहिले : पुस्तक चांगले आहे, नकाशे असल्यावर चित्रे नकोत, 5 ते 9 वर्षांच्या मुलांना आवडेल. म्हणजे आपल्याहून लहानांना! 1937 साली पुस्तक निघाले.

आम्हा कामगार चळवळीतल्या माणसांची नजर त्या शिलिंगावर जाते. दाम दिला, म्हणजे वाचन हे काम मानले.

आणि त्या कथेत तरी काय आहे? नायकाला निघण्यापूर्वी लेखी करार मिळतो : नफ्याचा जास्तीत जास्त चौदावा हिस्सा, प्रवासखर्च निराळा. पुढे खजिन्यावरून सैन्ये समोरासमोर येतात, तेव्हा तडजोड व्हावी म्हणून तो हाती आलेले अमोल रत्न देऊन टाकतो. चौदा-पंधरा वर्षांचा वाचक ड्रॅगनसाठी पुस्तक उघडतो आणि न्याय्य वाटा कोणता, या प्रश्नापाशी येऊन पोहोचतो. तिथवर त्याला कोणाच्या उपदेशाने नेलेले नसते.

म्हणून वाचनालयाच्या पुस्तक-निवड समितीवर दोन मुले घ्यावीत. त्यांना तात्पर्य विचारू नये. कंटाळा कोठे आला, ते विचारावे. उत्तर कधी झोंबेल, पण पुस्तके कपाटात धूळ खात पडणार नाहीत.