जुन्या औजारांची दिवाळी : अंगणातील रोषणाई सुरक्षित कशी कराल?

खंडेनवमीला आपण औजारे धुऊन-पुसून पूजेला मांडतो. त्याच वेळी गोठ्यामागे पडलेली बैलगाडीची चाके, लोखंडी नांगर, तिफणीचे चाडे, ट्रॅक्टरच्या कुळवाचे झिजलेले तवेही बाहेर निघतात. वापर संपलेल्या या वस्तू भंगारात किलोवर जातात. अलीकडे अनेक शेतकरी कुटुंबे त्या अंगणात मांडून दिवाळीत त्यावर दिवे लावतात. कल्पना चांगली आहे, पण जुने लोखंड, परतीच्या पावसाची ओल आणि घरातील वीज एकत्र आली की धोका तयार होतो.

दोन वर्षांपूर्वी वसुबारसेच्या संध्याकाळी मी एका परिचित शेतकऱ्याकडे होतो. अंगणातील लोखंडी नांगरावर 230 व्होल्टची माळ गुंडाळली होती. फाळाच्या कडेला घासून वायरचे आवरण कापले गेले होते आणि आदल्या रात्रीच्या पावसाने जमीन ओली होती. कालवड नांगराला अंग घासायला गेली आणि जागेवरच कोसळली. पूजेचे ताट घेऊन निघालेली मुले दहा पावले मागे होती. म्हणून या लेखाचा मुख्य सल्ला सुरुवातीलाच सांगतो : लोखंडी औजारावर 230 व्होल्टची माळ कधीही गुंडाळू नये. रोषणाई 12 व्होल्टवरच करावी.

कोणते भाग घ्यावेत, कोणते टाळावेत?

- बैलगाडीचे चाक, जू, नांगर, कुळवाची पास, तवे, तिफणीचे चाडे व नळे, लोखंडी मोट हे भाग मांडणीसाठी योग्य आहेत.
- फवारणी पंपाची टाकी, औषधाचे रिकामे डबे व बाटल्या मांडणीत घेऊ नयेत. कितीही धुतले तरी त्यात कीडनाशकाचा अंश राहू शकतो आणि मुलांचे हात तिथे लागतात.
- वाळवी लागलेले लाकूड घराजवळ आणू नये. चांगले लाकूडही थेट मातीवर न ठेवता विटांवर ठेवावे.

साफसफाई

गंज तारेच्या ब्रशने व पॉलिश पेपरने काढावा. हातमोजे व चष्मा वापरावा. जुना रंग कोरडा घासू नये, कारण त्यात शिसे असू शकते. पाणी मारून ओला करूनच घासावा. लोखंडाला रेड ऑक्साइड प्रायमरचा हात द्यावा. लाकडाला जवसाचे तेल चालते, मात्र तेलाने भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. पाण्यात बुडवून ठेवावीत किंवा मोकळ्यावर पसरून वाळवावीत. इंजिनचे काळे ऑइल लावणे टाळावे. ते पेटते आणि मातीही खराब करते.

गंजलेल्या पात्याने खोल जखम झाल्यास ती साबण-पाण्याने धुवावी व त्याच दिवशी धनुर्वाताच्या लसीबाबत डॉक्टरांना विचारावे.

मांडणी

उभे चाक दिसायला छान दिसते, पण ते जड असते आणि मुले त्याला लोंबकळतात. मागे दोन मजबूत खांब रोवून चाक दोन ठिकाणी तारेने आवळावे. तवे व पाती यांच्या धारदार कडांसाठी एक सोपा उपाय आहे. ठिबकची जुनी 16 मिमी नळी लांबीत चिरून कडेवर बसवावी. हात कापत नाही आणि वायरही घासत नाही.

तव्याची खोलगट बाजू घासून चकचकीत केली व समोर छोटा दिवा ठेवला, तर उजेड परावर्तित होऊन भिंतीवर पसरतो. पालथ्या चाड्याखाली 12 व्होल्टचा छोटा एलईडी दिवा शोभतो. लाकडी भागांवर मात्र पणती ठेवू नये. पणत्या दगडी ओट्यावर किंवा तुळशीवृंदावनाजवळ लावाव्यात.

वीज : हिशेब समजून घ्या

बॅटरीवर चालणाऱ्या अनेक फवारणी पंपांत 12 व्होल्ट, 8 अँपिअर-अवर क्षमतेची बॅटरी असते. तीच इथे कामाला येते. पंपातून काढताना हातमोजे घालावेत आणि बॅटरी पुसून घ्यावी.

समजा चाकाचा व्यास 4 फूट, म्हणजे सुमारे 1.2 मीटर आहे. त्याचा घेर साधारण 3.8 मीटर होतो. 5 मीटर एलईडी पट्टीचा एक रोल त्याला पुरतो.

- पट्टी प्रति मीटर 4.8 वॅटची असेल, तर 5 मीटरला 24 वॅट लागतात.
- 24 वॅट भागिले 12 व्होल्ट म्हणजे 2 अँपिअर.
- 8 अँपिअर-अवरची बॅटरी कागदावर 4 तास चालेल. पण लेड-ॲसिड बॅटरी पूर्ण रिकामी केली की तिचे आयुष्य घटते, म्हणून 2 तासांनी बंद करून लगेच चार्जिंगला लावावी. दिवाळीनंतर तुरीवर फवारणीची वेळ आली, तर पंप तयार हवा.

बॅटरीच्या धन टोकाजवळ 5 अँपिअरचा फ्यूज बसवावा. 12 व्होल्टचा शॉक बसत नाही म्हणून निष्काळजी राहू नये. तारा एकमेकींना चिकटल्या तर फ्यूजशिवाय वायर तापून पेटू शकते.

बॅटरी नसेल तर 12 व्होल्ट, 3 अँपिअरचा ॲडॉप्टर घ्यावा. तो घरात, कोरड्या जागी ठेवावा आणि अंगणात फक्त 12 व्होल्टची वायर न्यावी. अंतर 10 मीटरपर्यंत असेल तर 1 चौरस मिमीची तांब्याची वायर पुरते. पट्टी आयपी 65 दर्जाची, म्हणजे पाण्याच्या शिंतोड्यांपासून सुरक्षित असावी. ती खुणेच्या रेषेवरच कापावी.

मोटारीच्या स्टार्टर पेटीतून रोषणाईसाठी वीज घेऊ नये. तिथे थ्री फेज पुरवठा असतो. घराच्या जोडणीला 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी व चांगले अर्थिंग नसेल, तर हा खर्च रोषणाईआधी करावा.

पिकांचा विचार

दिव्याकडे पतंग येतात. या काळात तूर फुलोऱ्याकडे जात असते. घाटे अळीचे पतंग, तसेच भातातील खोडकिडीचे पतंग व तुडतुडे उजेडाकडे आकर्षित होतात. निळसर पांढऱ्या उजेडाकडे कीटक जास्त येतात, म्हणून पिवळसर उजेडाची पट्टी निवडावी आणि तिचे तोंड शेताकडे न ठेवता घराकडे ठेवावे.

दुसरा मुद्दा दिवसमानाचा. शेवंती, सोयाबीन, तूर ही लहान दिवसाची पिके आहेत. त्यांना फुलोऱ्यासाठी सलग लांब, अंधारी रात्र लागते. दिवाळीच्या चार रात्री दोन तास दिवे लावल्याने नुकसान होणार नाही. पण मांडणी आवडली म्हणून तोच दिवा पुढे वर्षभर रात्रभर जळत ठेवला, तर उजेडात येणाऱ्या झाडांचा फुलोरा लांबू शकतो. खांबावरच्या दिव्याखालचे सोयाबीन उशिरापर्यंत हिरवे राहते, हे अनेकांनी पाहिले असेल.

दिवे लावण्यापूर्वी तपासा

1. कडब्याची गंजी व सोयाबीनचे भुसकट मांडणीपासून किमान 30 फूट दूर आहे का?
2. जनावरे मांडणीपर्यंत पोहोचणार नाहीत अशी बांधली आहेत का?
3. वायर कुठे धारेवर किंवा पाण्यात नाही ना?
4. झोपण्यापूर्वी दिवे बंद करण्याची जबाबदारी कोणाची, हे ठरले आहे का?

शेवटी एक सूचना. प्रत्येक भागाजवळ त्याचे नाव लिहिलेली छोटी पाटी लावा : रुमणे, फाळ, चाडे, जू, आरे, धाव. ही औजारे ज्यांनी चालवली त्या आजोबांना मुलांसमोर त्यांचे काम सांगू द्या. ट्रॅक्टरच्या पिढीला हे शब्द आता दुसरीकडे फारसे ऐकायला मिळत नाहीत.